खिडकीशेजारचं सोयाबीन

आमच्या गावाजवळून चौपदरी रस्ता गेला तेव्हा लोकांना वाटलं, आता काहीतरी होईल. झालं ते एवढंच, की ज्या गाड्या पूर्वी गावातून हॉर्न वाजवत जायच्या त्या गावाबाहेरून हॉर्न न वाजवता जाऊ लागल्या. मग दोनेक वर्षांनी, महागावकडून येताना डाव्या हाताला, एक हॉटेल उभं राहिलं. हॉटेल म्हणायचं, पण आत टेबलं नाहीत की बाकडी नाहीत. गाडी एका बाजूने आत घ्यायची, एका खांबापाशी थांबून खांबावरच्या डब्याशी बोलायचं, पुढे खिडकीतून कागदी पिशवी घ्यायची आणि दुसऱ्या बाजूने चालू पडायचं. गाडीतून उतरायचं काम नाही. दिवसरात्र उघडं, आणि चारी कोपऱ्यांना उंच खांबांवर पांढरेशुभ्र दिवे. नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. गावाने ते पहिल्या आठवड्यातच टाकून दिलं आणि त्याला 'खिडकी' म्हणायला सुरुवात केली.

मी कृषी सहायक म्हणून नोकरी केली, याच तालुक्यातल्या गावांमधून. निवृत्त झाल्यावर मुलीने यवतमाळला फ्लॅट बघून दिला होता. तिथे सहा महिने राहिलो आणि परत आलो. लोकांना सांगताना मी हवापाण्याचं कारण पुढे करतो. खरं कारण असं, की त्या इमारतीत मला सल्ला विचारणारं कुणी नव्हतं.

खिडकीशी माझं काही वाकडं नव्हतं. गावातल्या दोन मुलींना तिथे काम लागलं. टोप्या घालून, केस जाळीत बांधून त्या सकाळी पायी जायच्या आणि त्यांचे बाप ते कौतुकाने सांगायचे. फाट्यावरचं चहाचं हॉटेल बंद पडलं, पण ते खिडकीमुळे नव्हे, रस्त्यामुळे. एसटी फाट्यावर थांबायची बंद झाली तेव्हाच त्याचं व्हायचं ते झालं होतं. एवढं मात्र खरं, की त्या हॉटेलात पुसदला निघालेला माणूस, ढाणकीच्या बाजारातून आलेला माणूस आणि नुसताच बसलेला माणूस एका बाकावर यायचे, आणि तालुक्यातलं काय ते तिथे कळायचं. खिडकीसमोर दहा गाड्या ओळीने उभ्या असतात, सगळ्यांची इंजिनं चालू, सगळ्यांच्या काचा वर. दहा गाड्यांत तीस माणसं असतील, पण कुणी कुणाशी बोलत नाही.

कचऱ्याबद्दल मी एक गोष्ट पाहिली होती, आणि ती पाहिल्याचा मला अभिमानही होता. खिडकीचा कचरा खिडकीपाशी पडत नाही. माणूस गाडीत खातो, आणि खाऊन संपायला जितका वेळ लागतो तितका पुढे जाऊन काच खाली करतो. त्यामुळे पेले, नळ्या, सॉसच्या पुड्या हे सगळं दीड-दोन कोसांवरच्या तुरीत आणि कपाशीत सापडतं. तिथले शेतकरी वैतागतात आणि कुणाला बोलावं हे त्यांना कळत नाही. खिडकीच्या अगदी शेजारचं शेत मात्र स्वच्छ होतं. म्हणून त्या शेताला खिडकीचा काही त्रास नाही, असं मी ठरवून टाकलं. मी गोष्टी लवकर ठरवतो.

ते शेत ताईंचं. ताई म्हणजे माझ्या बरोबरीच्या वयाच्या, आमच्या गावच्या बौद्धवाड्यातल्या. नवरा गेल्यापासून चार एकर एकट्या सांभाळतात. मुलगा चंद्रपूरकडे नोकरीला. मी नोकरीवर होतो तेव्हाही त्या मला 'साहेब' म्हणायच्या आणि आता कार्यालय सुटलं, मोटारसायकल सुटली, तरी 'जयभीम साहेब' म्हणूनच हाक मारतात. गावात त्यांची ओळख बियाण्यावरून आहे. सोयाबीनचं घरचं बियाणं बरेच जण ठेवतात, पण उगवण बरेच जणांची होत नाही, कारण सोयाबीनचं साल नाजूक. मळणीयंत्रातून काढलं की दाण्याला आतून मार बसतो, बाहेरून दिसत नाही. ताई बियाण्याचा तुकडा वेगळा ठेवायच्या. शेतातला वरचा, रस्त्याच्या अंगाचा दहा-बारा गुंठ्यांचा भाग, जिथे पाणी थांबत नाही. त्यात फुलोऱ्याच्या वेळी ओळीओळीतून फिरून वेगळ्या रंगाचं फूल असलेलं झाड उपटायचं. काढणी झाली की यंत्राला हात लावू द्यायचा नाही. ताडपत्रीवर पेंढ्या पसरून काठीने हळूहळू झोडपायचं, दाणे सावलीत वाळवायचे, पोती भिंतीपासून दूर फळीवर ठेवायची. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते बघायचं. असं त्यांचं वर्षानुवर्षं चाललं होतं. एकच जुना वाण, एकाच घरात. मृग लागायच्या आधी फुलसावंगीहून लोक त्यांच्या दारात यायचे. कुणी बियाण्याच्या बदल्यात तूर द्यायचं, कुणी ज्वारी. तालुक्याच्या ठिकाणी माझ्या साहेबांपुढे मी त्या बियाण्याचं श्रेय थोडं माझ्याकडेही घ्यायचो. प्रत्यक्षात गोणपाटाची रीत सोडली तर त्यात माझं काही नव्हतं.

खिडकी सुरू झाली त्यानंतरच्या पहिल्या खरिपातली गोष्ट. श्रावणात ताई माझ्या दारात आल्या.

"साहेब, एक डाव वावरात येता का? बाकी समद्या सोयाबीनले फूल लागलं, वरच्या तुकड्याले काहून नाही लागून राह्यलं?"

मी गेलो. वरचा तुकडा बघून मी खूश झालो. खालचं सोयाबीन गुडघ्याच्या वर, हे मांडीपर्यंत. पानं रुंद, गडद, तजेलदार. खिडकीवाल्यांनी त्यांच्या आवारात हिरवळ लावली होती आणि तिला दिवसातून दोनदा फवाऱ्याने पाणी सुटायचं. मी कुंपणापाशी वाकून माती चिमटीत घेतली. ओलसर लागली. झालं, माझं निदान तयार.

"ताई, तुमाले फुकटचं पाणी भेटून राह्यलं," मी म्हणालो. "झाड जोरावर आहे. जोरावरचं झाड फुलाले उशीर करते. लागेल तेव्हा असं लागेल का पाहत राहाल."

"बाजूची झाडं लेकुरवाळी झाली, अन् हे नुसतंच वाढून राह्यलं, साहेब. मले ठीक वाटत नाही."

"तीस वर्षं मी काय केलं मग?" मी हसत म्हणालो. त्याही हसल्या. त्यांच्या हसण्यात होकार होता, असं मी धरलं.

मी तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी त्या तुकड्याचा फोटो काढला, झाडाशेजारी माझी छत्री उभी करून, उंची कळावी म्हणून. गावच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. लोकांनी अंगठे दिले. एकाने विचारलं, कोणतं टॉनिक मारलं साहेब? मी लिहिलं, टॉनिक नाही, व्यवस्थापन. हा शब्द मला नोकरीत असल्यापासून आवडतो. पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावातून तिघे जण ते सोयाबीन बघायला आले. मी त्यांना बांधावर उभं करून बरंच काही सांगितलं. ताई मागे उभ्या होत्या. मधेच त्या ओळीत शिरून पानं बाजूला करायच्या आणि खाली बघायच्या, जिथे फुलं लागतात तिथे. माझ्या ते लक्षात यायचं आणि मला त्याचा थोडा रागही यायचा.

दसऱ्याच्या आधी खालचं सगळं पिवळं पडलं. पानं गळाली, शेंगा खुळखुळायला लागल्या. वरचा तुकडा हिरवागार. काढणीला बाया लावल्या, मळणीयंत्राचा दिवस ठरला. आदल्या दिवशी ताई पुन्हा आल्या. या वेळी दारातच उभ्या राहिल्या.

"साहेब, मी काय म्हनतो, खालच्यातल्या पाच-सात ओळी यंत्रात टाकत नाही. काठीनं झोडून ठेवतो. बियान्याले होऊन जाईल."

आमच्याकडच्या बाया 'म्हणतो', 'ठेवतो' असंच बोलतात. त्या विचारायला आल्या होत्या, पण त्यांनी उत्तरही बरोबर आणलं होतं. मला फक्त मान हलवायची होती.

"कायले ताई?" मी म्हणालो. "वरचं एवढं जोमदार पीक उभं आहे. बियाणं घ्याव तर त्याचं. खालचं सगळं काढा, आज भाव बरा आहे, देऊन टाका. वरचं पंधरा दिवसांनी आपण आरामात काढू. दाणा पाहाल तर हरभऱ्याएवढा निघेल."

हरभऱ्याएवढा हा शब्द मी वापरला. तो मला अजून आठवतो.

ताईंनी ऐकलं. खालचं सगळं यंत्रातून निघालं आणि दोन दिवसांत बाजारात गेलं.

दिवाळीला मुलगी आणि जावई आले. परत जाताना दुपारी मुलगी म्हणाली, बाबा, तुमच्या त्या खिडकीतून काहीतरी घेऊ, तुम्हाला फाट्यावर सोडतो. मी तोवर कधी आत गेलो नव्हतो. गाडी आत वळली. रस्ता तिथे भराव घालून उंच केला आहे, त्यामुळे खिडकीकडे जाताना कुंपणाच्या वरून पलीकडचं शेत खाली दिसतं. पुढे सहा गाड्या होत्या. डब्याशी बोलून झालं, पैसे देऊन झाले, हातात बटाट्याच्या तळलेल्या काड्यांचा पुडा आला. मी एक काडी तोंडात घातली आणि सहज डावीकडे बघितलं.

खालचं शेत मोकळं, धसकटांचं. आणि वरच्या अंगाला हिरवी अर्धी भाकरी. अगदी भाकरीसारखी गोल कड. बांधाच्या सरळ रेषेला ती हिरवळ जुमानत नव्हती, पाण्याच्या उताराला जुमानत नव्हती. कुंपणातला कोपऱ्याचा दिव्याचा खांब मधोमध, आणि त्याच्यापासून चहूकडे सारखंच अंतर. जिथे खांबाचा उजेड संपत असेल तिथे हिरवं संपलं होतं.

सोयाबीन रात्र मोजतं. रात्र पुरेशी मोठी व्हायला लागली की झाडाला कळतं, आता फुलावं. रात्रभर उजेड असला तर त्याची रात्र होतच नाही, मग ते नुसतं वाढत बसतं. ही काही गुप्त विद्या नाही. पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला होती. परीक्षेत मी तिच्यावर दीड पान लिहिलं होतं, आकृतीसकट. मला ते सगळं गाडीत बसल्या बसल्या आठवलं, आकृती धरून.

"बाबा, आवडलं नाही का?" मुलीने विचारलं.

"आवडलं," मी म्हणालो आणि पुडा तिच्याकडे दिला.

फाट्यावर उतरून मी ताईंकडे जायला हवं होतं. मी खिडकीकडे परत गेलो. स्वतःला सांगितलं, आधी दिवा बंद करून येऊ, मग त्यांना सांगू, म्हणजे सांगताना हातात काहीतरी असेल. डब्यापाशी जाऊन उभा राहिलो आणि बोललो. डबा गप्प. मोठ्याने बोललो. तरी गप्प. मला नंतर कळलं, की जमिनीत काहीतरी बसवलेलं असतं आणि त्याला गाडीचं लोखंड लागतं. पायी माणूस त्याला कळत नाही. इतक्यात मागून एक गाडी आली आणि डबा एकदम गोड आवाजात बोलू लागला.

"वेलकम सर, आपका ऑर्डर बताइए."

"तो कोपऱ्यातला दिवा बंद करा," मी म्हणालो. "शेताकडचा."

डबा थोडा थांबला. "और कुछ, सर?"

मागच्या गाडीने हॉर्न दिला. मी बाजूला झालो नाही. शेवटी आतून टोपी घातलेली मुलगी धावत आली. आमच्याच गावची. "अगं बाई, साहेब, तुमी हाय काय! पायी कायले आले इकडं?" तिने मला मागच्या दाराने मॅनेजरकडे नेलं. मॅनेजर पंचविशीतला, आदिलाबादकडचा, मराठी मोडकी पण वागणं सभ्य. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. सोयाबीन रात्र मोजतं हे त्याला फार आवडलं. दिवा बंद करणं त्याच्या हातात नव्हतं, कॅमेऱ्यांना उजेड लागतो. पण त्याने माझ्यासमोर वर लिहून कळवलं. महिन्याभरात एक माणूस शिडी घेऊन आला आणि त्या दिव्याच्या शेताकडच्या अंगाला हात-दीड हात पत्र्याची झडप लावून गेला. अर्ध्या तासाचं काम. श्रावणात कुणी सांगितलं असतं तर तेव्हाही झालं असतं. सांगणारा श्रावणात छत्री उभी करून फोटो काढत होता.

ताईंकडे मी चार दिवसांनी गेलो. त्या वरच्या तुकड्यातच होत्या, विळा घेऊन. मी सगळं सांगितलं, दिवा, रात्र, फूल. सांगताना पुन्हा मास्तरासारखा सांगू लागलो होतो, ते माझं मलाच ऐकू येत होतं आणि थांबवता येत नव्हतं. त्यांनी एक झाड उपटलं. वरपासून खालपर्यंत बोटं फिरवली. चार शेंगा होत्या, चपट्या. एक फोडली. आत तांदळाच्या कणीएवढं काहीतरी.

"म्हंजे हे आता पिकत नाही."

"नाही पिकत."

"पंधरा दिवस अजून ठेवलं तरी?"

"तरी नाही."

त्यांनी ते झाड बांधावर टाकलं. मग म्हणाल्या, "तुमाले हे ठाऊक होतं काय साहेब, उजेडाचं?"

नाही म्हणता आलं असतं. "ठाऊक होतं," मी म्हणालो. "आठवलं नाही."

त्या खाली बसून कापायला लागल्या. मला विळा वापरता येत नाही असं नाही, पण तिथे दुसरा विळा नव्हता. मी पेंढ्या उचलून बांधावर नेऊन टाकत राहिलो, संध्याकाळपर्यंत. शेजाऱ्याच्या बैलांना तो चारा आठवडाभर पुरला. त्या दिवशी माझ्या मनात जी लाज होती तिला मी दुसरं नाव शोधत नाही.

हिवाळ्यात त्यांनी हालचाल केली नाही असं नाही. फुलसावंगीला स्वतः बसने जाऊन आल्या. ज्यांनी आदल्या वर्षी त्यांचं बियाणं नेलं होतं त्यांच्याकडे काही शिल्लक आहे का विचारायला. कुणी ठेवलं नव्हतं. सगळं यंत्रातून काढून विकलं होतं. दरवर्षी ताईंकडे मिळतंच, मग फळीवर पोती कोण सांभाळणार? एका घरी अर्धी पायली निघाली. गोणपाटात घातली तर शंभरातले अकरा उगवले.

मृगाच्या आठ दिवस आधी मी त्यांच्या अंगणात बसलो होतो. बाजेवर, हातात चहा. मी आता जास्त जातो त्यांच्याकडे, काही काम नसताना. दरवर्षी बियाणं नेणारे फुलसावंगीचे दोघे भाऊ मोटारसायकलवरून आले, रिकामी पोती कॅरियरला बांधून. हिवाळ्यात ताई त्यांच्या घरी गेल्या तेव्हा हे दोघे घरदारासकट ऊसतोडीला गेले होते, त्यांना काहीच माहीत नव्हतं.

"यंदा नाही बापा बियानं," ताई म्हणाल्या. त्या सुपात तूर पाखडत होत्या.

"काहून? नाही म्हंजे? खिडकीपाशी एवढं हिरवंगार होतं म्हने, फोटो पाह्यला आमी."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"माह्याकडूनच चुकलं," ताई म्हणाल्या. "त्या उजेडानं फूलच नाही लागलं अन् मी वेगळं ठेवलं नाही. ध्यानात नाही राह्यलं. म्हातारी झालो आता."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. पाखडायच्या हाताची लय तुटली नाही. मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं, आणि ते मला येत होतं. मी खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला. ते दोघे हळहळले. थोरल्याने पोत्यांची दोरी पुन्हा आवळली आणि मग तो माझ्याकडे वळला.

"बरं झालं साहेब, तुमी तं हायच इथं. आता दुकानातलंच घ्याव लागन. तुमीच सांगा, कोनती थैली घेऊ?"

आणि मी सांगायला लागलो. थैलीवरची तारीख बघा, उगवणीचा आकडा बघा, पावती घ्या, थोडं घरी उगवून बघितल्याशिवाय पेरू नका. आवाज तोच, तीस वर्षांचा. ते दोघे मान डोलावत होते. बोलता बोलता मला जाणवलं की सुपाचा आवाज थांबला आहे. ताई सूप मांडीवर ठेवून, पदराने हात पुसून, माझ्याकडे बघत नीट ऐकत होत्या. यंदा त्यांनाही विकतचं घ्यायचं होतं.